बापूजींचं चालणं

मंगळवार, ता. ८ जानेवारी १९५७. थंडी फार. बापूजी उशिरा उठले. दूध प्याले, थोड्या वेळाने पुन्हा मागितलं, पहिलं आठवत नव्हतं. उजवा गुडघा सुजला आहे, एरंडाची पानं गरम करून बांधली. दुपारच्या मोटारीने गोपिकाबाई पिंपळगाव रेणुकाईला गेली, लेकीच्या बाळंतपणासाठी. उद्यापासून बापूजींशी बोलायला घरात कोणी नाही.

एवढं लिहून संतोषबाईंनी टाक पुसून ठेवला. शेवटचं वाक्य वाचून कोणाला वाटेल, की त्या स्वतः घरात नव्हत्या. त्या होत्या. जालन्याच्या काद्राबादेतल्या त्या घरात त्या तेराव्या वर्षी सून म्हणून आल्या, आता त्यांची साठी जवळ आली होती, आणि एवढ्या वर्षांत त्या सासऱ्यांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

यात रागालोभाचं काही नव्हतं. मारवाडी घरांतली ती रीतच होती. सुनेने सासऱ्यासमोर ओढणी हनुवटीच्या खाली ओढायची, आवाज ऐकू द्यायचा नाही, काही सांगायचं झालं तर तिसऱ्या माणसाच्या तोंडून सांगायचं. सासऱ्यानेही आपली बाजू सांभाळायची. चौकात पाऊल टाकण्याआधी खाकरायचं, म्हणजे सुना सावध होतात. सुगनचंदजींनी, म्हणजे बापूजींनी, ही रीत कधी चुकवली नाही. दोघांच्या मध्ये बोलायला आधी सासूबाई होत्या, मग संतोषबाईंचे पती बद्रीनाथ, मग मुलगा बालकिशन. सासूबाई आणि बद्रीनाथ देवाघरी गेले. बालकिशन बायकोमुलांना घेऊन परभणीला गेला, कापसाच्या धंद्यासाठी. घरात उरले ऐंशी ओलांडलेले सासरे आणि विधवा सून, आणि निरोप द्यायला-घ्यायला घरकामाला येणारी धनगराची गोपिकाबाई.

संतोषबाईंचं लहानपण सिकंदराबादेत गेलं. वडील एका पेढीवर मुनीम होते. मालकाच्या मुली नन लोकांच्या शाळेत जात, त्यांच्या सोबतीला म्हणून ह्यांनाही धाडलं. तिथल्या एका मदरने मुलींना डायरी लिहायची सवय लावली. झालं ते लिहा, वाटलं ते देवाला सांगा, असं ती म्हणे. पुढे इंग्रजी मागे पडलं, डायरी मराठीत आली, पण तो नियम सुटला नाही. त्या शाळेचं आणखी एक अंगात राहिलं होतं, ते म्हणजे सकाळची कवायत. हात वर, हात बाजूला, मुठी मिटा, मुठी उघडा. लग्न झाल्यावर ती कधी आठवायचं कारण पडलं नाही. आठवली ती बापूजींच्या दुखण्यात.

बापूजींची कापसाची आडत होती. गाडीतल्या कापसात हात घालायचे, बोटांत धागा ओढायचे आणि माल कोणत्या शिवारातला ते सांगायचे. तीच बोटं आता आल्याच्या गाठीसारखी झाली होती. गुडघे आखडले. त्याच्या जोडीला विसरणं आलं. जेवण झालेलं आठवेना. बद्रीनाथ दुकानातून का आला नाही, असं विचारत. कधी आपल्याच खोलीच्या दारात उभे राहून ही कोणाची खोली म्हणत. पण त्या दारातसुद्धा आत शिरण्याआधी खाकरत.

बालकिशनने एका डॉक्टरणीला घरी आणलं. तिने गुडघे दाबून पाहिले, बोटं एकेक करून वाकवली, आणि दाराआडच्या ओढणीकडे बघून म्हणाली, "औषध थोडंच आहे. ह्यांना बसू देऊ नका. एकदा का गुडघे वाकडे बसले की मग उलगडणार नाहीत. रोज चालवा, त्याच वाटेने, त्याच वेळी. बोटं हलवा. आणि बोलत राहा. आज काय वार, आता काय चाललंय, सगळं सांगत राहा."

दाराआडून संतोषबाईंनी मान हलवली.

त्या दिवसापासून घराला एक नवी शिस्त लागली. बापूजींची खोली मागे, मध्ये चौक, पुढे ओसरी. सकाळचं दूध संतोषबाई ओसरीवर नेऊन ठेवत. पुढे त्या, तोंडावर तपकिरी ओढणी, हातात दुधाचा पेला. मागे गोपिकाबाईच्या खांद्यावर हात टाकून बापूजी. दूध हवं तर चालायचं. दूध झालं की बोटांची कवायत. संतोषबाई दाराआड बसत, बाहेर दिसत ते फक्त त्यांचे दोन हात, मुठी मिटत आणि उघडत. बापूजींनी तसंच करायचं.

"बापूजी, मूठ उघडायची म्हनं," गोपिकाबाई सांगे.

"कोण म्हणतं?"

"तुमची बिनणी." सुनेला त्या घरात बिनणी म्हणत.

"तिला म्हणावं, ह्या वयात मला तालमीत घालून राह्यली का?"

"तालमीत न्हाई, चुलीपाशी घालते म्हनते. फुलके लाटायला बोटं लागतील."

"असं म्हणाली?"

संतोषबाई ओढणीचं टोक तोंडात धरून हसत. त्या असं काही म्हणालेल्या नसत. गोपिकाबाई निरोपात स्वतःचं घालायची आणि त्याने दोन्हीकडे बरं वाटायचं.

"एक फेरी कमी करा म्हणावं. सौदा पक्का."

"म्हनते, मालात खोट चालायची न्हाई. बिलकुल न्हाई."

"बापाकडून शिकली असणार," बापूजी म्हणत आणि उठत. कुरकुर करत, भिंतीला हात लावत, पण उठत. त्या पावसाळ्यात ते काठी घेऊन एकटे ओसरीपर्यंत येऊ लागले. दसऱ्याला शेजारच्या माणसांनी आणून दिलेलं सोनं त्यांनी स्वतःच्या बोटांनी धरलं.

आणि आता जानेवारीत गोपिकाबाई गेली. जाताना आपल्या जावेला, आसराबाईला, भांड्यांसाठी लावून दिलं होतं. ती बिचारी तोंड उघडायच्या आत भांडी घासून जिनिंगच्या कामावर पळे.

पहिले काही दिवस निभावले. संतोषबाई दाराच्या फळीवर बोटाच्या पेराने टकटक करत. बापूजी मान वर करत, तपकिरी ओढणी दिसली की काठी शोधत. ओढणी पुढे, ते मागे. चालणं होत होतं. मुठीही होत होत्या. बोलणं मात्र थांबलं होतं. बापूजी विचारत, आज सोमवार का? दुकान उघडलं का? संतोषबाई ओढणीत मान हलवत. मान हलवून वार सांगता येत नाही.

मग एका सकाळी ते झालं. ओसरीवर दूध पिऊन बापूजी उठले. रस्त्याने कापसाच्या गाड्या मोंढ्याच्या बाजाराकडे चालल्या होत्या. बापूजींनी काठी घेतली, पायऱ्या उतरले आणि गाड्यांच्या मागे निघाले. त्यांना त्यांचा माल दिसला असावा. संतोषबाई धावत बाहेरच्या दारापर्यंत आल्या आणि तिथे थांबल्या. हाक मारायची एवढंच होतं. त्यांनी तोंड उघडलं. घशातून काहीच निघालं नाही. एवढ्या वर्षांची सवय आड आली. त्यांच्या डोळ्यांदेखत बापूजी गाडीच्या चाकाजवळून वळले, गटारीच्या काठावर त्यांचा पाय मुडपला आणि ते पडले.

वडीगोद्रीचा एक गाडीवान, कडूबा त्याचं नाव, गाडी थांबवून त्यांना उचलून घेऊन आला. गुडघ्यातून रक्त येत होतं. ओसरीवर त्यांना बसवून तो संतोषबाईंकडे वळला.

"बाई, तुमी दारातच उभ्या व्हत्या. म्या पाह्यलं ना. मंग हाक का न्हाई मारली? मुक्या हाय का?"

तो पाणीही न पिता गेला.

रविवारी बालकिशन आला. आजोबांचा गुडघा पाहून त्याचं डोकं फिरलं.

"माँ, आरशात बघ एकदा. केस पांढरे झाले, दात हलायला लागले आणि अजून तू नवी नवरी होऊन फिरतेस. डॉक्टरीण काय म्हणाली होती? बोलत राहा. अशी टकटक करून माणूस सांभाळता येतो का?"

"लोक काय म्हणतील रे?"

"कोणते लोक? घरात मांजरसुद्धा नाही."

"त्यांनाच काय वाटेल?"

"दादाजींना? त्यांना काल जेवलेलं आठवत नाही. चार दिवसांत सवय होईल."

संतोषबाईंना ते पटलं. कडूबाचा शब्द त्यांच्या मनातून जात नव्हता. रीत माणसासाठी असते, माणूस गटारीत पडला तर ती रीत काय कामाची, असं त्यांनी देवापुढे बसून स्वतःशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून त्या बापूजींच्या खोलीत गेल्या. ओढणी भांगापर्यंत मागे सारलेली. ओढणीच्या कापडातून न बघता बापूजींना त्यांनी एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. त्यांच्या उजव्या डोळ्याखाली तीळ होता. तो त्यांना ठाऊकच नव्हता.

"बापूजी, राम राम," त्या म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना परक्या बाईचा वाटला. "चला, उठा. आज सोमवार. दूध ओसरीवर ठेवलंय."

बापूजींनी वर पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. धोतर गुडघ्यांवर सारखं केलं. गादीवरच मागे सरकले.

"बसा बाई," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "आपण कोणाकडच्या? बिनणी आत आहे. तिला हाक मारा."

"बापूजी, मीच बिनणी."

ते हसले. कोणी थट्टा केली तर हसावं तसं.

"आमची बिनणी पोर आहे हो. अजून ओढणी सावरता येत नाही तिला. आपल्या नातीच्या वयाची असेल."

संतोषबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. बोटं उघडायची होती. बापूजींनी हात काढून घेतला, झटकला नाही, हळूच काढला.

"असं बरं दिसत नाही, बाई. घरात माझी सून आहे."

त्या दिवशी ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. परकी बाई खोलीत असताना उठून तिच्यासमोरून लंगडत जायचं त्यांना शोभत नव्हतं. ती दूध घेऊन आली तर ते नजर न उचलता म्हणत, ठेवा, आणि ती जाईपर्यंत पेल्याला हात लावत नसत. ती बोलत राहिली, आज मंगळवार, आज संकष्टी, आज ऊन चांगलं पडलंय. ते भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकून घेत. कधी मध्येच खाकरत, मोठ्याने, आतल्या सुनेला सावध करायला.

संतोषबाईंना वाटलं, दुखणं वाढलं. वाटलं, अजून थोडं बोललं पाहिजे. रोज सकाळी त्या समोर बसून सांगत, बापूजी, मी बिनणी, बद्रीनाथांच्या घरातली. रोज सकाळी बापूजी जास्त घाबरत. बालकिशनचं पोस्टकार्ड आलं, धीर धर, सवय होईल. त्यांनी धीर धरला. डायरीत एका खाली एक तेच येत गेलं: बापूजी उठले नाहीत. शेक दिला नाही, हात लावू देत नाहीत. गुडघे पोटाशी घेऊन झोपतात.

थंडी ओसरत आली तेव्हाची गोष्ट. संतोषबाई स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. मागच्या खोलीतून खाकरल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा. मग बराच वेळ काही नाही. आणि मग बापूजींची हाक आली, दबकी, शेजारच्या खोलीत कोणी ऐकेल या भीतीने मारावी तशी.

"बिनणी? ओ बिनणी?"

सासऱ्याने सुनेला स्वतः हाक मारायची नसते. बापूजींनी ती कधी मारली नव्हती. आज रीत त्यांनी मोडली होती, आणि तीही संतोषबाईंपासून सुटका करून घ्यायला.

कणकेने भरलेले हात तसेच धरून त्या उभ्या राहिल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं. बापूजींनी त्यांना विसरायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी हा चेहरा कधी पाहिला नव्हता, हा आवाज कधी ऐकला नव्हता, तर ते ओळखणार कशावरून? त्यांची सून म्हणजे एक तपकिरी ओढणी, तिच्याखालचे दोन हात आणि फळीवरची टकटक. पार भ्रमिष्ट झालेल्या त्या माणसाने तेवढं मात्र घट्ट धरून ठेवलं होतं. आणि ते संतोषबाईंनीच, चांगलं समजून, त्याच्या हातून काढून घेतलं होतं.

त्यांनी हात धुतले. ओढणी पुढे ओढली, हनुवटीच्या खाली. दाराशी जाऊन फळीवर टकटक केली.

बापूजींनी मान वर केली. त्यांचा सगळा चेहराच मोकळा झाला.

"आलीस? कुठं गेल्तीस? माहेरी गेल्तीस का? कोणी सांगितलं नाही मला." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "बिनणी, घरात एक म्हातारी येऊन राह्यली. चांगल्या घरची दिसते. पण डोक्याने गेली असावी. मी तुमची सून आहे म्हणते, हात धरते. तू तिला वाईट बोलू नको. वाट चुकली असेल. तिला तिच्या घरी पोचवून दे फक्त."

ओढणीने मान हलवली.

त्या स्वयंपाकघरातून दुधाचा पेला घेऊन आल्या आणि पुढे होऊन चौकात उभ्या राहिल्या. मागे काठीचा आवाज झाला. बापूजी उठत होते. संतोषबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. पाठ करून उभं राहायचं हे ठरलेलं होतं. काठी टेकली, घसरली, पुन्हा टेकली. भिंतीवरून हात फिरल्याचा आवाज आला. मग नुसता श्वास. त्या वाट बघत राहिल्या. पेल्यावर साय धरली. शेवटी त्यांनी वळून पाहिलं. बापूजी कसेबसे दारापर्यंत आले होते, दोन्ही गुडघे वाकलेले, बसल्या माणसासारखे वाकलेले, आणि उंबरा ओलांडायला पाय वर उचलत नव्हता. ते खाली उंबऱ्याकडे बघत होते, जणू हा इथे कोणी आणून ठेवला.

"उद्या," ते म्हणाले. "उद्या बराबर येतो."

संतोषबाईंच्या ओठांवर आलं, राहू द्या बापूजी, बसा. पण ते बोलता आलं नाही. बोलल्या असत्या तर त्या ओढणीतून त्या म्हातारीचा आवाज आला असता. चेहरा झाकला तरी आवाज आता त्यांचा राहिला नव्हता. त्या परत फिरल्या, पेला उंबऱ्याच्या आत ठेवला आणि बापूजींच्या काखेखाली हात घालून त्यांना गादीवर बसवलं. या वेळी बापूजींनी हात काढून घेतला नाही.

त्यानंतर रोज एरंडाची पानं झाली, शेक झाला, दाराआडून मुठी मिटल्या आणि उघडल्या. बोटं थोडी वळली. गुडघे उलगडले नाहीत. डॉक्टरीण पुन्हा येऊन पाहून गेली. आता दुखू देऊ नका, एवढंच ती म्हणाली. चालवा, असं म्हणाली नाही. दूध मागच्या खोलीत जाऊ लागलं.

शिमग्याच्या आधी गोपिकाबाई परतली. नातू झाला म्हणून हातात गुळाची पुडी होती. ती थेट मागच्या खोलीत गेली आणि बापूजींचे पाय पाहून दारातच उभी राहिली.

"बाई, ह्ये काय झालं? मी जाताना तर चालून राह्यले व्हते!"

संतोषबाई दाराआड होत्या.

बापूजींनी गोपिकाबाईला ओळखलं. तिच्या हातातली पुडी पाहून विचारलं, "काय आणलं?"

"गूळ. नातू झाला मला."

"बरं झालं." मग त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं. "गोपिका, बिनणीला विचार, त्या म्हातारीला पोचवलं का?"

"कोन म्हातारी, बापूजी?"

"तिला माहीत आहे. तू विचार."

गोपिकाबाई दाराशी आली. "बाई, ते इचारून राह्यले, म्हातारीला पोचवलं का म्हनून. कोन वो म्हातारी?"

"सांग, पोचवलं," संतोषबाई इतक्या हळू म्हणाल्या, की गोपिकाबाईला कान ओढणीजवळ न्यावा लागला.

"पोचवलं म्हनं, बापूजी."

बापूजींनी मान डोलावली. गुळाचा खडा त्यांनी वाकड्या बोटांनी कसाबसा तोंडात टाकला, थोडा वेळ चघळत राहिले. मग म्हणाले, "विचार तिला, म्हातारीच्या घरी कोणी होतं का? तिला बघायला?"

गोपिकाबाईने पुन्हा दाराकडे पाहिलं. ती थांबली. या खेपेला तिने स्वतःचं काही घातलं नाही.

"सांग," संतोषबाई म्हणाल्या, "होतं."

"व्हतं म्हनं, बापूजी. घरात व्हतं कोनीतरी."

"मग ठीक," बापूजी म्हणाले, आणि भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले.

त्या संध्याकाळी संतोषबाईंनी लिहिलं: गोपिकाबाई आली. ज्वारी दळून आणली, जरा जाड पडली आहे. उद्या चाळून घ्यायची.